गोळी लागलेला पाय

सचिन नाग यांचा जन्म 1920 चा, गंगेकाठच्या वाराणसीतला. पोहण्यात ते नावारूपाला आले कोलकात्यात. तिथेच 1947 च्या दंगलीत पायाला गोळी लागली. दुसरा कुणी असता तर पाण्याचं नावच सोडलं असतं. नाग मात्र पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये वॉटर पोलो खेळले. या खेळात तळाला पाय टेकवायचे नसतात. सगळा वेळ पाय मारतच तरंगायचं. त्याच पायाच्या जोरावर त्यांनी चिलीविरुद्ध चार गोल केले आणि भारत 7-4 असा जिंकला!

1951 साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. 100 मीटर फ्रीस्टाइलमध्ये नाग पहिले आले. भारताचं या स्पर्धांतलं ते पहिलं सुवर्ण. वॉटर पोलोचं सुवर्णही भारतालाच मिळालं. 1987 मध्ये नाग गेले. ध्यानचंद पुरस्कार जाहीर झाला तो 2020 साली. तोवर तो घ्यायला ते नव्हते.