दाराबाहेरचा नाटककार : वोल्फगांग बोर्शर्ट

२१ नोव्हेंबर १९४७ ची संध्याकाळ. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराच्या कामरस्पीले नाट्यगृहात एका नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. प्रयोगापूर्वी नाट्यगृहाच्या संचालिका इडा एरे प्रेक्षकांसमोर आल्या आणि त्यांनी एक दुःखद वार्ता सांगितली. आदल्याच दिवशी नाटककाराचे स्वित्झर्लंडमधील बाझल येथे निधन झाले होते. त्याचे वय अवघे २६ वर्षांचे होते. नाटकाचे नाव 'दाराबाहेर' आणि नाटककार वोल्फगांग बोर्शर्ट.

बोर्शर्टचा जन्म २० मे १९२१ रोजी हॅम्बुर्ग येथे झाला. वडील शाळाशिक्षक, आई तेथील बोलीभाषेत कथा लिहिणारी लेखिका. मुलाला वेड कवितेचे आणि रंगभूमीचे. घरच्यांच्या सल्ल्याने तो पुस्तकाच्या दुकानात उमेदवारी करू लागला खरा, पण नटाचे शिक्षण त्याने सोडले नाही. १९४१ च्या वसंतात तो एका फिरत्या नाटक मंडळीत दाखल झाला. हे सुख जेमतेम तीन महिने टिकले. जूनमध्ये सैन्यभरतीचा हुकूम आला आणि हा तरुण नट रशियाच्या आघाडीवर जाऊन पोहोचला.

१९४२ च्या आरंभी त्याच्या डाव्या हाताला गोळी लागली. युद्ध टाळण्यासाठी त्याने स्वतःच जखम करून घेतली, असा आरोप ठेवून त्याच्यावर खटला भरण्यात आला. सरकार पक्षाने मृत्युदंड मागितला. त्या आरोपातून तो सुटला, पण राजवटीविरुद्ध बोलल्याबद्दल त्याला पुन्हा शिक्षा झाली आणि नंतर परत आघाडीवर धाडण्यात आले. हिमदंश, ज्वर, कावीळ यांनी शरीर पोखरले. प्रचारमंत्री गोबेल्सची नक्कल केली म्हणून १९४४ मध्ये आणखी नऊ महिन्यांची शिक्षा झाली. एका नटाने केलेली नक्कलही त्या राजवटीला सहन झाली नाही!

१९४५ मध्ये तो फ्रेंचांच्या हाती सापडला, त्यांच्या कैदेतून निसटला आणि सुमारे ६०० किलोमीटर पायपीट करीत मे महिन्यात हॅम्बुर्गला पोहोचला. ते शहर आता ओळखू येण्यासारखे राहिले नव्हते. १९४३ च्या बाँबवर्षावात तेथील तीस हजारांहून अधिक माणसे मेली होती. त्याचे आईवडील मात्र सुखरूप होते. त्याने पुन्हा रंगभूमीकडे धाव घेतली, पण यकृताच्या विकाराने त्याला लवकरच अंथरुणाला खिळवले. उरलेल्या दोन वर्षांत त्याने बहुतेक सारे लेखन केले. 'दाराबाहेर' त्याने केवळ आठ दिवसांत लिहिले, असे सांगतात. कोणतेही नाट्यगृह हे नाटक करणार नाही आणि कोणताही प्रेक्षक ते पाहू इच्छिणार नाही, अशा अर्थाचे उपशीर्षक त्याने स्वतःच दिले होते. १३ फेब्रुवारी १९४७ रोजी ते प्रथम नभोवाणीवर सादर झाले आणि त्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

या नाटकाचा नायक बेकमन सैबेरियातून तीन वर्षांनी परततो. पत्नी दुसऱ्याची झालेली आहे, मूल ढिगाऱ्याखाली गेले आहे. तो एल्ब नदीत उडी घेतो, पण नदीही त्याला बाहेर फेकते. मग तो आपल्या जुन्या कर्नलच्या घरी जातो. कर्नलच्या हुकमावरून त्याने वीस माणसे टेहळणीला नेली होती. त्यांतील अकरा परतली नाहीत. त्या अकरा जणांची जबाबदारी त्याला परत करायची आहे, कारण तिच्यामुळे त्याला झोप येत नाही. ऊबदार घरात जेवायला बसलेला कर्नल पोट धरून हसतो. पुढे करमणुकीच्या रंगमंचाचा संचालक बेकमनला नाकारतो. आईवडिलांच्या दारावर परक्या नावाची पाटी दिसते. त्यांनी आत्महत्या केल्याचे तेथील बाई सहज सांगून टाकते.

परंतु नाटकाचा खरा घाव पुढेच आहे. एक पाय गमावलेला सैनिक बेकमनसमोर उभा राहतो. बेकमनच्याच हुकमामुळे त्याचा पाय गेला आणि पुढे बेकमनमुळेच तो नदीत बुडाला. दुसऱ्याच्या दारात जाब विचारणाऱ्याच्या दारातही कोणीतरी जाब विचारीत उभे असते! बोर्शर्टने आपल्या नायकाला केवळ बिचारा ठरवून सोडून दिले नाही, यातच त्याचे मोठेपण आहे.

जर्मनांनी ज्यांच्यावर अत्याचार केले त्यांचे दुःख या नाटकात फार थोडे येते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. बेकमनचा बाप ज्यूद्वेष्टा होता, एवढाच उल्लेख ओझरता येतो. तरीही हे नाटक रंगमंचावर आणणाऱ्या इडा एरे स्वतः ज्यू होत्या आणि नाझींच्या बंदिवासात राहिल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. त्यांनी आपल्या रंगमंचाचे दार या सैनिकासाठी उघडले.

सप्टेंबर १९४७ मध्ये मित्रांच्या आणि प्रकाशकांच्या साहाय्याने बोर्शर्टला उपचारासाठी बाझलला नेण्यात आले. आईला सीमेवरूनच परतावे लागले. दोन महिन्यांत, २० नोव्हेंबरला, सारे संपले.

मित्रहो, हा लेखक गेला तेव्हा आपल्याहून चारपाच वर्षांनीच मोठा होता. नाटकाच्या शेवटी बेकमन उत्तरासाठी हाका मारतो आणि कोणीही ओ देत नाही. पडदा पडल्यावर ते उत्तर देण्याची पाळी प्रेक्षागृहात बसलेल्यांची असते.