मेजर ध्यानचंद : मोठा विजय, मोठे मन

विद्यार्थी मित्रहो, २९ ऑगस्टला आपण राष्ट्रीय क्रीडा दिन साजरा करतो. हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिन होय. त्यांचे गोल पुष्कळांना ठाऊक असतात. परंतु विजय कसा पचवावा हा त्यांच्या जीवनातील धडा अधिक मोलाचा आहे.

१९०५ साली अलाहाबाद येथे एका सैनिकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९२२ मध्ये ते साधे शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाले. सुभेदार मेजर बाले तिवारी यांनी त्यांना हॉकीचे प्राथमिक धडे दिले.

१९२८ साली अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला निघालेल्या आपल्या संघाला मुंबईच्या स्थानिक संघाने ३-२ असे हरविले. बोट सुटताना निरोप द्यायला तिघेच जण आले होते. त्याच संघाने एकही गोल न स्वीकारता सुवर्णपदक जिंकले. त्यात ध्यानचंदांचे १४ गोल होते.

१९३२ साली लॉस एंजेलिस येथे लालशाह बुखारी यांच्या नेतृत्वाखाली भारताने नवख्या अमेरिकेला २४-१ असे हरविले. ध्यानचंदांनी ८, तर धाकटे बंधू रूपसिंग यांनी १० गोल केले. नागपूरला जन्मलेले गोलरक्षक रिचर्ड अ‍ॅलन प्रेक्षकांना सह्या देण्यात गुंतले असताना अमेरिकेने तो एकमेव गोल केला, अशी आठवण सांगितली जाते. दुबळ्याला क्षुल्लक लेखणाऱ्याने ही आठवण विसरू नये.

१९३६ साली ध्यानचंद कर्णधार झाले. बर्लिनमध्ये सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरविले. या पराभवाने संघ सावध झाला व अली दारा यांना भारतातून तातडीने बोलावून घेण्यात आले. १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला भारताकडे एकाच गोलची आघाडी होती; नंतर मात्र गोलांची रांग लागली. जर्मन खेळ दांडगाईवर आला. गोलरक्षकाशी टक्कर होऊन ध्यानचंदांचा दात पडला. उपचार घेऊन ते परतले आणि आता गोल वाढवू नका, चेंडूवरील ताबा दाखवा, असे त्यांनी सहकाऱ्यांना सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. चेंडू वर्तुळापर्यंत न्यायचा व परत आणायचा, असा खेळ चालला. दांडगाईला उत्तर मिळाले ते कौशल्याने, स्टिकच्या फटक्याने नव्हे. भारताने सामना ८-१ असा जिंकला.

१९५६ मध्ये ते मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. ३ डिसेंबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. झाशीच्या ज्या मैदानाशी त्यांचे नाते होते, तेथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

मित्रहो, शालेय सामन्यांत कधी समोरचा संघ अगदी नवखा असतो. काहींच्या हाती उसनी स्टिक असते. अशा वेळी मुद्दाम ढिले खेळणे हाही त्यांचा अपमानच. परंतु विजय निश्चित झाल्यावर राखीव खेळाडूंना मैदानात उतरवावे, पासचा सराव करावा आणि हिणवणारा एक शब्दही तोंडून काढू नये. शेवटी हस्तांदोलन करताना मान थोडी झुकलेली असावी, कारण गुरूर ही जिंकणाऱ्याची पहिली हार असते. पालकांनीही घरी आलेल्या मुलाला किती गोल केलेस एवढेच न विचारता, हरलेल्या मुलांशी कसा वागलास हेही विचारावे. खेळाची खरी तालीम तेथेच सुरू होते.