रॉबर्ट डोनाट : श्वासाशी झुंजलेला नट

नटाचे खरे भांडवल म्हणजे त्याचा आवाज, आणि आवाजाचे भांडवल म्हणजे श्वास. या दोन्ही बाबतींत निसर्गाने ज्याच्या पदरात फारसे टाकले नव्हते, अशा एका इंग्रज नटाने केवळ आवाजाच्या बळावर रंगभूमी आणि रजतपट या दोन्ही क्षेत्रांत आपले नाव कायम केले. रॉबर्ट डोनाट हा तो नट.

१८ मार्च १९०५ रोजी मँचेस्टरच्या विदिंग्टन या उपनगरात त्यांचा जन्म झाला. लहानपणी ते बोलताना अडखळत. तो दोष जावा म्हणून जेम्स बर्नार्ड या वाणीशिक्षकाकडे त्यांची शिकवणी सुरू झाली. पुढे शिकवणीचा खर्च भागविण्यासाठी पंधराव्या वर्षी शाळा सोडून त्यांनी गुरूकडेच चिटणिसाचे काम पत्करले. १९२१ साली बर्मिंगहॅम येथे ‘ज्युलियस सीझर’ नाटकातून त्यांनी रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले. त्यानंतर सर फ्रँक बेन्सन यांच्या मंडळीत त्यांनी उमेदवारी केली. आपल्याकडील नाटक मंडळ्यांप्रमाणे ही मंडळीही शेक्सपिअरची नाटके घेऊन गावोगाव हिंडत असे.

१९३१ साली ‘प्रेशस बेन’मधील भूमिकेने लंडनच्या रसिकांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले. निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांनी त्यांना चित्रपटसृष्टीत आणले. ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ (१९३४) या चित्रपटासाठी ते हॉलिवूडला गेले खरे. परंतु तेथील वातावरण त्यांना मानवले नाही व ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ने त्यांना इंग्लंडचा अग्रगण्य नायक बनविले.

कीर्ती अशी दारी आली असतानाच दम्याने त्यांना गाठले. ‘नाइट विदाउट आर्मर’ (१९३७) या चित्रपटाच्या वेळी त्यांनी अंथरूण धरले आणि दुसरा नट घेण्याचा विचार सुरू झाला. त्या वेळी नायिका मार्लीन डीट्रिच यांनी त्यांच्यासाठी थांबण्याचा आग्रह धरला, म्हणून ती भूमिका त्यांच्याकडे राहिली. त्यानंतर प्रत्येक करारापूर्वी आपली प्रकृती साथ देईल काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राही. अनेक भूमिका त्यांनी नाकारल्या आणि एकंदर चित्रपटांची संख्या विसाच्या आसपासच राहिली.

जे थोडे केले ते मात्र जीव ओतून. ए. जे. क्रोनिन यांच्या कादंबरीवरील ‘द सिटाडेल’ (१९३८) मध्ये त्यांनी ध्येयापासून ढळून पुन्हा सावरणारा तरुण डॉक्टर रंगविला. १९३९ साली आला ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’. जेम्स हिल्टन यांच्या कथेतील शाळामास्तराचे पंचविशीपासून ऐंशीच्या पुढपर्यंतचे आयुष्य त्यांनी उभे केले, तेव्हा त्यांचे स्वतःचे वय पस्तिशीच्याही आत होते. वार्धक्य त्यांनी केवळ रंगभूषेवर सोपविले नाही. पाठीचा बाक, मंदावलेली चाल आणि वयागणिक पातळ होत जाणारा आवाज यांतून ते साकारले. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक त्यांना मिळाले. ‘गॉन विथ द विंड’चे नायक क्लार्क गेबल यांना त्यांनी मागे टाकले होते.

युद्धोत्तर काळात ‘द विन्स्लो बॉय’ (१९४८) मधील नामांकित वकिलाची त्यांची भूमिका गाजली. १९५३ साली ओल्ड व्हिक नाट्यगृहात टी. एस. एलियट यांच्या ‘मर्डर इन द कॅथीड्रल’मध्ये ते थॉमस बेकेट झाले. प्रयोग चालू असताना विंगेत प्राणवायूची नळकांडी सज्ज ठेवावी लागत. रंगमंचावरील ही त्यांची अखेरची भूमिका ठरली.

‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’मध्ये वृद्ध चिनी अधिकाऱ्याचे काम त्यांनी अत्यंत क्षीण अवस्थेत पुरे केले. शेवटच्या प्रसंगात हा अधिकारी इन्ग्रिड बर्गमन यांनी साकारलेल्या मिशनरी स्त्रीचा कायमचा निरोप घेतो. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच, ९ जून १९५८ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी डोनाट यांचे लंडनमध्ये निधन झाले. जन्मभर दम्याशी झुंज दिली, पण मृत्यूचे कारण ठरली ती मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी; मेंदूत गाठही आढळली.

अडखळणाऱ्या जिभेला त्यांनी साधनेने वळण लावले. श्वासावर मात्र त्यांची सत्ता कधीच चालली नाही. जेवढा श्वास लाभला, तेवढा त्यांनी मोजून आणि निवडून रसिकांच्या ओंजळीत टाकला. विपुलतेच्या अभावी त्यांचे नाव काहीसे मागे पडले असेल. परंतु चिप्स मास्तरांचा तो थकलेला, मायाळू स्वर ज्याने एकदा ऐकला, त्याच्या कानांतून तो जात नाही.