मुदतीचा बोगदा : गोथार्डच्या पोटात जीव सोडणारे ठेकेदार लुई फाव्र

१९ जुलै १८७९. स्वित्झर्लंडमधल्या गोथार्ड डोंगराच्या पोटात बोगद्याचं काम चालू होतं. त्या दिवशी कामाचे मुख्य ठेकेदार आत पाहणीला गेले होते. फिरता फिरता ते मध्येच कोसळले आणि हृदय बंद पडून तिथेच गेले. वय होतं ५३. बोगदा आरपार व्हायला अजून सात महिने बाकी होते.

या ठेकेदाराचं नाव लुई फाव्र. आज जगात कुठेही घाटाखालून बोगदा निघाला, की त्यांच्या कामाचा दाखला दिला जातो. पण ही गोष्ट नुसत्या बोगद्याची नाही. मुदत, दंड आणि अनामत रक्कम लिहिलेल्या एका करारावर सही केली, आणि पुढे त्या करारापायी कुणाकुणाला काय मोजावं लागलं, त्याची ही गोष्ट आहे.

सुताराचा पोरगा

लुई फाव्र यांचा जन्म १८२६ सालचा, जिनिव्हाजवळच्या शेन गावातला. वडील सुतारकाम करायचे. लुईही तेच शिकले. मोठ्या कॉलेजची पदवी वगैरे काही नव्हती. तरुण वयात हत्यारं घेऊन ते कामाच्या शोधात फ्रान्समध्ये गेले.

त्या काळात फ्रान्समध्ये जिकडे तिकडे रेल्वेचे रूळ पडत होते. हाताला काम होतं आणि डोकं असलेल्या माणसाला वर चढायला वाव होता. फाव्र दिवसा काम करायचे आणि संध्याकाळच्या वर्गात जाऊन शिकायचे. आधी छोटी कामं घेतली, मग मोठी. पूल, भराव, लहान बोगदे अशी कामं करत सुताराचा पोरगा नावाजलेला ठेकेदार झाला. मजुरांशी मजुरांच्या भाषेत बोलणारा माणूस अशी त्यांची ओळख होती. पैसा आला, जिनिव्हात मोठं घर झालं. चाळिशी ओलांडली तेव्हा त्यांना कशाचीच ददात नव्हती. तिथेच थांबले असते तरी चाललं असतं.

घाट काय होता?

गोथार्डची खिंड समुद्रसपाटीपासून २,१०६ मीटर उंच. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही साडेचारशे मीटर वर. उत्तरेकडून दक्षिणेकडे इटलीत उतरायचा हा जुना मार्ग. शेकडो वर्षं खेचरांवरून माल जायचा. नंतर वळणावळणाचा गाडीरस्ता झाला आणि घोड्यांच्या टपालगाड्या धावू लागल्या. पण हिवाळ्यात बर्फ इतका पडायचा, की चाकाची गाडी सोडून घसरगाडीतून जावं लागायचं. वरून बर्फाचे कडे कोसळायचे ते वेगळंच.

म्हणून ठरलं, की घाटावरून जायचं नाही, घाटाखालून जायचं. उत्तरेला गोशेनेन गाव, दक्षिणेला ऐरोलो गाव. मध्ये १५ किलोमीटरचा डोंगर. त्यातून रेल्वेचा बोगदा काढायचा.

याआधी असं एकच मोठं काम झालं होतं. फ्रान्स आणि इटलीच्या मधला फ्रेजूसचा बोगदा. तो १८५७ साली सुरू झाला आणि १८७१ साली खुला झाला. त्याची लांबी गोथार्डपेक्षा कमी होती, तरी इतकी वर्षं लागली.

आठ वर्षांचा करार

गोथार्ड रेल्वे कंपनीने निविदा मागवल्या. फाव्र यांच्यासमोर एक इटालियन कंपनी होती. ती जास्त पैसे आणि जास्त मुदत मागत होती. फाव्र यांनी कमी पैशात आणि आठ वर्षांत काम करून देतो असं सांगितलं. ७ ऑगस्ट १८७२ रोजी करारावर सह्या झाल्या.

करारातल्या अटी वाचल्या तर आजच्या ठेकेदारालाही घाम फुटेल. ८० लाख फ्रँक अनामत भरायची. मुदतीच्या आधी काम झालं तर दर दिवसाला ५,००० फ्रँक बक्षीस. उशीर झाला तर पहिले सहा महिने दर दिवसाला ५,००० फ्रँक दंड, त्यानंतर दर दिवसाला १०,०००. आणि उशीर एक वर्षाच्या पुढे गेला तर अनामत जप्त.

डोंगराच्या पोटात नेमका कसा दगड आहे, पाणी कुठे लागेल, माती कुठे ढासळेल, हे त्या वेळी कुणालाच नीट माहीत नव्हतं. ज्याने विहीर खणली आहे त्याला हे लगेच कळेल. वरून जमीन बघून खाली काय लागेल ते सांगता येत नाही. पण करारात दगडाची अट नव्हती, फक्त तारखेची होती.

काम कसं चालायचं?

१८७२ सालीच दोन्ही बाजूंनी खोदाई सुरू झाली. सुरुवातीला घण आणि पहार होती. नंतर हवेच्या दाबावर चालणारी भोकं पाडायची यंत्रं आली. नदीच्या पाण्यावर चक्र फिरवायचं, त्यावर हवा दाबायची आणि ती नळाने आत न्यायची, अशी व्यवस्था. हे यंत्र बसवण्यात जिनिव्हाचे शास्त्रज्ञ डॅनियल कोलाडों यांचा मोठा हात होता. दगडात भोकं पाडली की त्यात डायनामाइट भरायचं आणि सुरुंग उडवायचा. डायनामाइट तेव्हा अगदी नवीन होतं. इतक्या मोठ्या कामावर ते वापरणारे फाव्र पहिल्या काही लोकांपैकी एक.

फाव्र यांची पद्धत अशी, की आधी वरच्या भागात एक अरुंद बोळ पुढे न्यायचा. मागून येणारे मजूर तो बाजूला आणि खाली रुंद करणार. त्यांच्या मागून गवंडी दगडाची कमान बांधणार. बोळ झपाट्याने पुढे जायचा, पण रुंदीकरण आणि बांधकाम मागे राहायचं. याचा फटका पुढे बसला.

दोन्ही बाजू मिळून दिवसाला सरासरी साडेपाच मीटर बोळ पुढे सरकला. ऐरोलोच्या बाजूला दगडातून पाण्याचे लोट फुटले. मजूर तासन्‌तास पाण्यात उभे राहून काम करायचे. अँडरमाट गावाच्या खाली वेगळंच संकट. तिथला दगड मऊ आणि फुगणारा निघाला. बांधलेली कमान दाबाने चिरडायची. पुन्हा बांधायची, पुन्हा चिरडायची. दिवस जात होते आणि करारातली तारीख जवळ येत होती.

मजुरांचे हाल

काम करणारे बहुतेक मजूर उत्तर इटलीतले गरीब शेतकरी, गवंडी आणि खाणकामगार होते. एका वेळी हजारो माणसं कामावर असायची. गोशेनेन हे छोटंसं गाव. तिथे एवढ्या लोकांना राहायला जागा कुठली? एकेका खोलीत माणसं कोंबलेली. पाळी संपवून आलेला मजूर त्याच अंथरुणावर पडायचा, जिथून दुसरा नुकताच उठून कामाला गेलेला असायचा.

आत उष्मा ३० अंशांच्या वर. सुरुंगाचा धूर, तेलाच्या दिव्यांचा धूर, घोड्यांची घाण. ताजी हवा म्हणजे यंत्रातून सुटेल तेवढीच. शौचाची सोय नव्हती. जो तो तिथेच बसायचा. त्या उबदार, ओल्या चिखलात अनवाणी फिरणाऱ्या मजुरांच्या पायांतून जंत शरीरात शिरले. अंगातलं रक्त कमी होऊन धडधाकट माणसं पांढरी फटक पडू लागली. १८८० साली इटलीतल्या तुरिन शहरातल्या डॉक्टरांनी या आजाराचं मूळ शोधलं. तो होता हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी. आज शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना जंताची गोळी देतात ना, ती अशाच जंतांसाठी. गोथार्डच्या मजुरांच्या दुखण्यातून वैद्यकशास्त्राला या आजाराची मोठी शिकवण मिळाली.

जुलै १८७५ मध्ये गोशेनेनच्या मजुरांनी काम थांबवलं. सुरुंगाच्या धुरात आत जाणार नाही, आणि रोज एक फ्रँक मजुरी वाढवून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. बोगद्याचं तोंड अडवून ते उभे राहिले. उरी प्रांताच्या सरकारने बंदूकधारी माणसं पाठवली. गोळीबार झाला आणि चार इटालियन मजूर मेले. देशाच्या सरकारने चौकशी नेमली. तिच्यातून राहण्याखाण्याचे हाल लोकांपुढे आले. पण आतली हवा सुधारली नाही.

कधीकाळी स्वतः हत्यार घेऊन कामाच्या शोधात हिंडलेले फाव्र आता दुसऱ्या बाजूला उभे होते. रोजचा दंड डोक्यावर असलेला माणूस पाळ्या कमी करत नाही. काम थांबवून हवेची सोयही करत नाही. त्यांच्या आयुष्यातली ही बाजू झाकून त्यांचं मोठेपण सांगणं बरोबर होणार नाही.

पहिला आरपार गेला तो फोटो

करार करणारे फाव्र आणि कंपनी चालवणारे आल्फ्रेड एशर, दोघांनाही या कामाने दमवलं. खर्चाच्या वादात एशर यांना १८७८ साली कंपनी सोडावी लागली. पुढच्या वर्षी फाव्र गेले. तेही बोगद्यातच.

२८ फेब्रुवारी १८८० रोजी मजुरांचं यंत्र दगडातून पलीकडे निघालं. साडेसात वर्षं दोन बाजूंनी आंधळेपणाने आलेले दोन बोळ एकमेकांना भेटले. चूक किती? आडवी ३३ सेंटीमीटर आणि उभी ५ सेंटीमीटर. तेव्हा उपग्रह नव्हता, लेझर नव्हता. डोंगरावर चढून केलेल्या मोजणीवर एवढं अचूक काम झालं.

भोक पडल्यावर माणसं जाण्याआधी एक डबी पलीकडे दिली गेली. तिच्यात फाव्र यांचा फोटो होता. गोथार्ड डोंगर आतून पार करणारे पहिले फाव्रच ठरावेत, असं मजुरांनी आणि इंजिनिअरांनी ठरवलं होतं. हाल सोसलेल्या मजुरांनीही हा मान दिला, यावरून त्या माणसाबद्दल त्यांच्या मनात काय होतं ते कळतं.

पण बोळ आरपार गेला म्हणजे बोगदा झाला नाही. मागे राहिलेलं रुंदीकरण आणि कमानी उरकायला जवळपास आणखी दोन वर्षं गेली. करारातली आठ वर्षं १८८० मध्येच संपली होती. गाड्या धावू लागल्या त्या १ जानेवारी १८८२ पासून. मुदत हुकली. अनामत गेली. दंड आणि भरपाईचा वाद फाव्र यांच्या माघारी वारसांच्या मागे लागला. आयुष्यभर कमावलेलं बरंचसं त्यात बुडालं.

कामावर अपघातात आणि इतर कारणांनी गेलेल्या मजुरांचा आकडा सुमारे २०० सांगितला जातो. आजार घेऊन गावी परतले आणि तिथे मेले, ते यात धरलेले नाहीत.

नंतर काय झालं?

पुढे मोटारी आल्या, पण हिवाळ्यात घाट बंदच व्हायचा. मग मोटारी रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून फाव्र यांच्याच बोगद्यातून नेल्या जायच्या. शेवटी त्याच गोशेनेनपासून त्याच ऐरोलोपर्यंत रस्त्याचा बोगदा खणला गेला. जवळपास १७ किलोमीटरचा हा बोगदा ५ सप्टेंबर १९८० रोजी सुरू झाला. तिथे १९ कामगार गेले. २०१६ साली त्याच डोंगराच्या खूप खालून ५७ किलोमीटरचा नवा रेल्वे बोगदा सुरू झाला. त्यात ९ गेले. लांबी वाढत गेली, तसे मृत्यू कमी होत गेले. डोंगर तोच होता. फरक पडला तो हवा, पाणी, शौचालय, डॉक्टर आणि कामाच्या तासांच्या नियमांनी.

फाव्र यांचा पुतळा त्यांच्या गावात आहे. ऐरोलोला मात्र वेगळं स्मारक आहे. शिल्पकार विंचेंझो वेला यांनी ते घडवलं. त्यात मेलेल्या सोबत्याला स्ट्रेचरवरून उचलून नेणारे मजूर आहेत. १९३२ साली ते तिथे बसवलं गेलं. एक स्मारक ठेकेदाराचं, एक मजुरांचं. दोघंही त्याच बोगद्यात गेले.

आज आपल्या भागातही रस्त्याचं, धरणाचं, बोगद्याचं काम निघालं की पहिला प्रश्न असतो, कधी पूर्ण होणार? तो विचारलाच पाहिजे. पण त्यासोबत दुसराही विचारावा, की तिथे राबणारी माणसं कुठे राहतात आणि त्यांना प्यायला पाणी कुठलं? गोथार्डच्या करारात तारीख होती, दंड होता, बक्षीस होतं. हा दुसरा प्रश्न तेवढा नव्हता.