तीन भाषा, व्याकरण जणू एकच: बाल्कनचं कोडं ओळखणारे येर्नेय कोपितार कोण होते?

'इव्हानला मी त्याला पाहिलं.' मराठीत असं कुणी बोललं, तर आपण लगेच अडखळू. इव्हानचं नाव घेतल्यावर पुन्हा 'त्याला' कशासाठी?

पण बल्गेरिया, रोमेनिया किंवा अल्बेनियात अशी वाक्यं रोज बोलली जातात. एकाच व्यक्तीचा उल्लेख दोनदा होतो, एकदा नावानं आणि एकदा क्रियापदाला चिकटलेल्या आखूड सर्वनामानं. भाषाशास्त्रात याला 'क्लिटिक डबलिंग' म्हणतात.

गंमत म्हणजे या तीन भाषा जवळच्या नात्यातल्या नाहीत. बल्गेरियन स्लाव्हिक कुळातली, रोमेनियन लॅटिनची लेक, तर अल्बेनियन इंडो-युरोपियन कुटुंबातली स्वतंत्र शाखा. मग त्यांच्या सवयी सारख्या कशा?

या कोड्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधणारा माणूस व्हिएन्नाच्या राजग्रंथालयात काम करत होता आणि सरकारसाठी पुस्तकांवर कात्रीही चालवत होता. त्यांचं नाव येर्नेय कोपितार.

शेतकऱ्याचा मुलगा व्हिएन्नात

कोपितार यांचा जन्म 21 ऑगस्ट 1780 रोजी आजच्या स्लोव्हेनियातल्या रेपन्ये गावात शेतकरी कुटुंबात झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. शाळेत आणि कचेरीत जर्मन चालायची, घरात आणि शेतात स्लोव्हेन.

ल्युब्लियानात शिक्षण झाल्यावर ते झिगा झोइस या श्रीमंत सरदाराकडे सचिव आणि ग्रंथपाल म्हणून राहिले. झोइस भाषाप्रेमी होते, त्यांचं ग्रंथालयही मोठं होतं. तिथेच कोपितार घडले. 1808 मध्ये त्यांनी स्लोव्हेन भाषेचं व्याकरण लिहिलं. खेड्यातल्या बोलीकडे शास्त्रीय नजरेनं पाहणारं हे पुस्तक त्यांनी जर्मनमध्ये लिहिलं होतं.

त्याच वर्षी ते कायदा शिकायला व्हिएन्नाला गेले आणि तिथलेच झाले. पुढे राजग्रंथालयात नोकरी मिळाली. सोबत स्लाव्हिक आणि ग्रीक पुस्तकांचे सेन्सॉर म्हणूनही जबाबदारी आली.

वुक कराजिच यांचे पाठीराखे

1813 मध्ये सर्बियातला उठाव चिरडला गेला आणि वुक कराजिच नावाचा तरुण व्हिएन्नाला आला. त्याचं लिखाण कोपितार यांच्या नजरेस पडलं. त्यांनी त्याला लोकगीतं गोळा करायला, व्याकरण आणि कोश लिहायला भरीस घातलं.

1814 मध्ये वुक यांचं व्याकरण आलं. 1818 मध्ये 26 हजारांहून जास्त शब्दांचा सर्बियन कोश आला. त्यातल्या जर्मन आणि लॅटिन अर्थांसाठी कोपितार यांनी मदत केली.

सर्बियन चर्चचे धुरीण मात्र संतापले. जुनी धार्मिक भाषा सोडून गुराख्यांची बोली छापायची? त्यातून वुक यांनी एक अक्षर लॅटिन लिपीतून घेतलेलं. यामागे कॅथलिक ऑस्ट्रियाचा डाव असल्याचा संशय व्यक्त झाला.

1829 चा लेख

1822 मध्ये वुक यांनी बल्गेरियनचे नमुने छापले. तोवर युरोपातल्या पंडितांना या भाषेची फारशी माहिती नव्हती.

1829 मध्ये कोपितार यांनी एका दीर्घ लेखात अल्बेनियन, रोमेनियन आणि बल्गेरियन शेजारी शेजारी ठेवल्या. शब्द तीन तऱ्हेचे, पण ते बसवण्याचा साचा एकच, असा त्यांचा निष्कर्ष होता.

उदाहरणार्थ, इंग्रजीतला 'द' नामाआधी येतो. या तिन्ही भाषांत तो नामाच्या शेवटी चिकटतो. पुस्तकाला बल्गेरियनमध्ये 'क्निगा' म्हणतात आणि 'ते पुस्तक' म्हणजे 'क्निगाता'. अल्बेनियनमध्ये 'लिबर'चं 'लिब्री' होतं. रोमेनियनमध्ये माणूस 'ओम', तर 'तो माणूस' 'ओमुल'.

सर्वनामाची दुरुक्ती हेही याच साच्याचं लक्षण असल्याचं पुढच्या अभ्यासकांनी मांडलं. सर्बियन आणि स्लोव्हेन या बल्गेरियनच्या सख्ख्या बहिणी. पण त्यांच्या प्रमाण रूपांत ही दुरुक्ती सहसा आढळत नाही. म्हणजे ही सवय रक्तापेक्षा शेजारातून आलेली.

कोपितार यांचं उत्तर वेगळं होतं. या प्रदेशातल्या लोप पावलेल्या प्राचीन भाषेचा हा ठसा, असं त्यांना वाटे. आज अभ्यासक शतकानुशतकांच्या बहुभाषिक सहवासावर जास्त भर देतात. उत्तर बदललं, तरी प्रश्न त्यांचाच राहिला.

आपल्याच भाषेत हार

सर्बियनसाठी लढणारे कोपितार स्लोव्हेनच्या बाबतीत मात्र एकटे पडले. एका ध्वनीला एकच अक्षर असावं, या त्यांच्या आग्रहातून 1825 मध्ये फ्रान्त्स मेतेल्को यांनी नवी लिपी आणली. 1833 मध्ये त्यावर मोठा वाद पेटला. मातिया चोप यांनी विरोध केला आणि कवी फ्रान्त्से प्रेशेरेन यांनी उपहासाची सुनीतं लिहिली. त्याच वर्षी ही लिपी शाळांतून हद्दपार झाली.

भांडण केवळ अक्षरांचं नव्हतं. भाषा शेतकऱ्यांच्या तोंडून घ्यावी, असं कोपितार यांचं मत होतं. तिच्यात सुशिक्षितांसाठी उत्तम कविताही घडावी, ही प्रेशेरेन यांची आस होती. सेन्सॉरच्या खुर्चीमुळे कोपितार यांच्याविषयीची कटुता वाढली. आज प्रेशेरेन स्लोव्हेनियाचे राष्ट्रकवी आहेत, तर कोपितार अनेकांना आठवतात ते त्यांचे विरोधक म्हणून.

वुक यांची लिपी सर्बियानं अखेर 1868 मध्ये पूर्णपणे स्वीकारली. ते पाहायला कोपितार नव्हते. 11 ऑगस्ट 1844 रोजी व्हिएन्नात त्यांचं निधन झालं होतं. 1897 मध्ये त्यांच्या अस्थी ल्युब्लियानाला नेण्यात आल्या.

सांगलीशी काय संबंध?

कोपितार यांनी टिपलेली गोष्ट महाराष्ट्रातही सापडली. सांगलीजवळच्या कुपवाड गावात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यानपिढ्या शेजारी नांदत होत्या. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये या गावावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या तिन्ही बोलींचे शब्द वेगळे राहिले होते, पण वाक्यांची रचना इतकी जुळली होती की शब्दाच्या जागी शब्द ठेवून भाषांतर व्हावं.

बाल्कनमधल्या कोड्याची उकल कशी होऊ शकते, हे या गावात दिसत होतं. लोक शेजाऱ्याशी रोज बोलतात, पण आपली भाषा सोडत नाहीत. मग शब्द ज्याचे त्याचे राहतात आणि व्याकरण सगळ्यांचं होतं.