गल्ल्याखालचं पुस्तक

मैत्रिणींनो, स्प्रेच्या डब्यावरची सूचना कधी वाचलीय? डबा रिकामा झाला तरी विस्तवात टाकू नका, असं तिथे लिहिलेलं असतं. कारण रिकाम्या डब्यातही वायू उरलेला असतो. तो तापतो, पण पसरायला जागा नसते. मग त्याचा दाब वाढत जातो आणि डबा फुटतो.

हा दाब किती वाढतो, हे सांगणारा नियम पाठ्यपुस्तकात जोसेफ लुई गे-ल्युसॅकच्या नावाने असतो. १७७८ साली फ्रान्समध्ये जन्मलेला हा मुलगा. राज्यक्रांतीच्या धामधुमीत वडील तुरुंगात गेले, शिक्षणाची आबाळ झाली. तरीही पॅरिसला जाऊन तो शिकला.

१८०२ साली त्याने वेगवेगळे वायू तापवून मोजले. आधीच्या लोकांची गणितं चुकत, कारण भांड्यात पाण्याचा अंश राही. याने भांडी आणि वायू अगदी कोरडे केले, आणि उत्तर मिळालं : सगळे वायू सारख्याच प्रमाणात पसरतात. भांडं बंद असेल तर त्याच प्रमाणात दाब वाढतो. आजच्या हिशेबाने दर अंशाला, शून्य अंशावरच्या दाबाच्या १/२७३ इतका. बंद हवेचा दाब असा वाढतो, हे खरं तर आमोंताँ या कर्णबधिर संशोधकाने शंभर वर्षं आधीच दाखवलं होतं. पण नाव राहिलं गे-ल्युसॅकचं!

माणूस धाडसी. १८०४ मध्ये वरची हवा तपासायला एकटाच बलूनमधून सुमारे ७,००० मीटर उंच गेला. १८०८ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्याचे डोळे जाता जाता वाचले.

त्याच्या लग्नाची गोष्ट तर ऐकाच. पॅरिसच्या एका कापडदुकानात जेनेव्हिएव नावाची मुलगी कामाला होती. घरची परिस्थिती खालावली, म्हणून शिक्षण सोडून आलेली. गिऱ्हाईक नसलं की गल्ल्याखाली पुस्तक धरून वाचायची. गे-ल्युसॅकने डोकावून पाहिलं, तर ते रसायनशास्त्राचं! त्याने आधी तिच्या पुढच्या शिक्षणाची सोय केली, मग लग्न. १८५० साली तो गेला, तोवर संसार सुखाचा झाला.

त्याचं नाव पोरं शाळेत घोकतात. तिचं कुणाला ठाऊक नसतं. पण तो दुकानात येण्याआधीपासून ती वाचत होती, एवढं आपण लक्षात ठेवूया.