गणिती आंद्रेई येर्शोव

सन 1985 च्या सप्टेंबर महिन्याची पहिली तारीख. सोव्हिएट संघांतील मुलें त्या दिवशीं सुटीनंतर शाळेंत आलीं, तेव्हां वरच्या दोन इयत्तांच्या वेळापत्रकांत गणित व पदार्थविज्ञान ह्यांच्या जोडीस 'संगणकशास्त्राचीं मूलतत्त्वें' हा नवा विषय दाखल झालेला होता. तो ऐच्छिक नव्हता; राजधानींतील विद्यार्थ्याप्रमाणें आडगांवच्या विद्यार्थ्यासहि तो सक्तीचा होता. आणि मौज अशी कीं, बहुतेक शाळांत संगणक मुळीं नव्हताच! हें धाडस ज्यांच्या आग्रहामुळें घडलें, त्या आंद्रेई पेत्रोविच येर्शोव ह्यांचा अल्प परिचय आम्ही आमच्या वाचकांस करून देत आहों.

येर्शोवांचा जन्म मॉस्को येथें 19 एप्रिल 1931 रोजीं झाला. दुसऱ्या महायुद्धांत त्यांचें कुटुंब युक्रेनमधील रुबेझ्नोये ह्या गांवीं असतां तो मुलूख जर्मन सैन्यानें व्यापला. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा ह्यांत काय अपराध? परंतु पुढें मॉस्को विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकत असतां, शत्रूच्या ताब्यांतील प्रदेशांत राहिलेला म्हणून तो मार्ग त्यांना बंद झाला व गणिताकडे वळावें लागलें. तेथें अलेक्सेई ल्यापुनोव ह्या गुरूंनीं त्यांना संगणकाच्या आज्ञावली रचण्याच्या, त्या काळीं अगदीं नव्या, विद्येची गोडी लाविली. 1954 सालीं ते पदवीधर झाले. 1958 सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज्ञावली रचण्याचें कष्टाचें काम यंत्राकडूनच कसें करून घ्यावें, हा त्याचा विषय. पुढच्याच वर्षीं त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें. नंतर सैबीरियांत नोव्होसिबिर्स्कजवळ शास्त्रज्ञांसाठीं वसविलेल्या नगरांत ते राहावयास गेले, आणि तेंच त्यांचें कार्यक्षेत्र झालें. मानसन्मान पुष्कळ मिळाले. त्यांची यादी येथें देत नाहीं.

एवढ्या पंडितानें शाळकरी मुलांत मन घालावें, हें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. 1976 पासून त्या नगरांत मुलांसाठीं उन्हाळी शाळा भरूं लागल्या. गेन्नादी झ्वेनिगोरोद्स्की ह्या तरुण सहकाऱ्यानें लहान मुलांस समजेल अशी संगणकभाषाहि रचिली. दुर्दैवानें 1984 सालीं ऐन तारुण्यांत तो वारला. तत्पूर्वीं 1981 सालीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें भरलेल्या परिषदेंत येर्शोवांनीं आपला विचार जगापुढें मांडिला होता. छापखान्यामुळें वाचणें-लिहिणें ही मूठभरांची विद्या सर्वांची झाली. त्याचप्रमाणें संगणकामुळें आज्ञावली रचणें ही मनुष्याची दुसरी साक्षरता होईल, असें त्यांचें प्रतिपादन होतें. कामाचा क्रम आधीं नीट आंखून मग तें पार पाडणें, हें शेतकऱ्यास व सुतारासहि लागतेंच. शाळेनें तें बुद्धिपुरःसर शिकवावें.

ह्याच विचारानें येर्शोव व मोनाखोव ह्यांच्या संपादकत्वाखालीं पाठ्यपुस्तक तयार झालें. त्यांतील आज्ञा साध्या रशियन शब्दांत असून त्या कागदावर, पायरीपायरीनें, विद्यार्थ्यानें स्वतःच पार पाडावयाच्या. आमच्या विद्यार्थ्यांनींहि असा एक प्रयोग करून पाहावा. 48 आणि 18 ह्यांचा महत्तम साधारण विभाजक काढावयाचा आहे. आज्ञा एकच : दोन्ही संख्या समान होईपर्यंत मोठींतून लहान वजा करा. 30 आणि 18. 12 आणि 18. 12 आणि 6. 6 आणि 6. उत्तर 6. येथें यंत्राचें काम आपणच केलें. आणि आज्ञेंतील एक शब्द चुकला तर काय घोटाळा होतो, हेंहि कागदावरच कळतें.

पाण्यावांचून पोहणें शिकविण्याचा हा प्रकार आहे, असा आक्षेप निघाला. तो अगदींच पोकळ नव्हता. शिक्षकांची तयारी एका उन्हाळ्यांत उरकलेली, आणि फळ्यावर लिहिलेली आज्ञावली चालतांना पाहण्याचा आनंद पुष्कळ मुलांस लाभलाच नाहीं. कागद हा यंत्राचा पर्याय आहे, असें येर्शोवहि मानीत नव्हते. तथापि सर्व शाळांत यंत्रें येईपर्यंत थांबले असते, तर ही विद्या प्रथम मोठ्या शहरांतील निवडक शाळांपुरतीच राहिली असती, असें आम्हांस वाटतें. गरीब शाळांतील मुलांस निदान विचार करण्याची रीत तरी मिळाली.

8 डिसेंबर 1988 रोजीं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं, येर्शोव मॉस्को येथें निवर्तले. 1991 सालीं सोव्हिएट संघ लयास गेला. तो विषय मात्र रशियाच्या शाळांत पुढेंहि चालू राहिला. त्यांना कवितेचाहि नाद होता. स्वतः रचीत, आणि इंग्रजींतून भाषांतरेंहि करीत.